पोदेर विरुद्ध कंडक्टर

डिचोलीतल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क असलेल्या कृष्णनाथनं सासऱ्यानं लग्नात दिलेली शिसवाची वोल्तेर, म्हणजे लांब हातांची आरामखुर्ची, एका परक्या माणसाला देऊन टाकली आणि तिच्या बदल्यात व्हिडिओ गेमचं एक बंद पडलेलं मशीन घरी आणलं, तेव्हा त्याची बायको कमलाक्षी त्याला एक शब्दही बोलली नाही. लग्न झालेल्यांना यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की ती पुढचे अकरा दिवस बोलली नाही, आणि हे दिवस नेमके चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या तयारीचे होते.

मशीन साधंसुधं नव्हतं. उंची कपाटाएवढी, आणि वजन आतल्या सामानासकट कपाटाएवढं. समोर दोघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, एकेक दांडी आणि सहा-सहा बटणं सांभाळायची, फटीत रुपया टाकायचा आणि पडद्यावर एकमेकांना बडवायचं. 'टायफून फायटर्स' हे नाव तेवढं कपाळावर इंग्रजीत होतं. बाकी सगळा कारभार जपानीत. त्र्याण्णव साली डिचोलीच्या बसस्टँडमागे, टायर रिमोल्डिंगच्या दुकानाला चिकटून जे व्हिडिओ पार्लर होतं, तिथं हे मशीन आलं. गोवा राज्य होऊन सहा वर्षं झाली होती, मराठी की कोंकणी हे भांडण अजून हॉटेलात चहाबरोबर मिळत होतं, आणि जपानी कुणालाच येत नव्हती. त्यामुळे पडद्यावरच्या पैलवानांची बारशी डिचोलीनं स्वतःच उरकली. पांढरा अंगरखा घालून पोटानं धडक देणारा जाड्या तो पोदेर, कारण पाव विकणारा पोदेर तसाच सायकलवरून पोट पुढे काढून यायचा. हातात लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी घेऊन फिरणारा सडपातळ तो कंडक्टर. लाल कपड्यांतली बाई ती बालवाडीची टीचर. बारावीतला कृष्णनाथ कंडक्टर घ्यायचा आणि त्याचा मित्र दत्ताराम पोदेर. दुपारी दोनला सुरू झालेलं भांडण सहाच्या पेडणे गाडीला संपायचं, कारण दत्ताराम इब्रामपूरचा आणि त्यानंतर त्याला गाडी नव्हती.

पुढे दत्तारामनं खाणीवर टिप्पर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, घातला. खाणी बंद पडल्यावर वडलांची पोर्तुगीज काळातली जन्मनोंद शोधून काढली, तिच्यावर पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवला आणि तो इंग्लंडात स्विंडनला गेला. दहा वर्षांत तीनदा आला. तिन्ही वेळा कृष्णनाथच्या घरी आला आणि तिन्ही वेळा दहा मिनिटांत उठला. दुसऱ्या खेपेला तर कपातला चहा निवायच्या आधी त्याची भाड्याची गाडी कोपऱ्यावर वळलीसुद्धा. "फुडे वचूचा आसा मरे," एवढंच तो म्हणायचा. पुढे कुठं जायचं असतं हे कृष्णनाथनं कधी विचारलं नाही. पण दत्ताराम गेल्यावर दोन दिवस तो विनाकारण शाळेच्या शिपायावर ओरडायचा.

यंदा दत्ताराम चवथीला पाच दिवसांसाठी येणार असं कळलं आणि कृष्णनाथच्या डोक्यात ते मशीन आलं. कशापुढे दत्ताराम चार तास हलायचा नाही, याचं उत्तर त्याला माहीत होतं. दत्तारामला एकदा, एकदाच, पूर्वीसारखं दुपारभर थांबवायचं, एवढीच त्याची इच्छा होती. आता ही इच्छा तोंडानं बोलून दाखवली असती तर काम फुकटात झालं असतं, असं कुणी म्हणेल. पण पन्नाशीला आलेल्या दोन पुरुषांनी एकमेकांना 'थांब ना जरा' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. त्यापेक्षा दीड क्विंटलचं मशीन आणणं सोपं.

मुलीनं, सेजलनं, वेगळा मार्ग सुचवला होता. ती इंजिनीअरिंगला, तिच्याकडे टीव्हीला जोडायच्या डब्यात या खेळाचा आठवा भाग होता. तिनं बापाला सगळी वंशावळ ऐकवली. दुसऱ्या भागात नवे चार पैलवान आले, तिसऱ्यात चित्रांना गोलाई आली, पाचवा इतका फसला की बनवणारी कंपनी बुडायला आली, सातव्यात जुने लोक परत बोलावले तेव्हा कुठं सावरली. आणि कंडक्टरचं नाव रेन्जिरो असून त्याच्या हातात तिकिटाचा चिमटा नसून वडलांच्या मारेकऱ्याचा लोखंडी पंखा आहे. हे ऐकून कृष्णनाथ दुखावला. तीस वर्षं आपण ज्याला ओळखतो त्याचे वडील गेल्याचं आपल्याला कुणी कळवू नये, हे त्याला बरं वाटलं नाही. शिवाय रेन्जिरो अजून चोविशीतच होता, आणि कृष्णनाथच्या मानेला पट्टा लागून दोन वर्षं झाली होती.

तरी तो सेजलच्या आग्रहाखातर इंटरनेटवरून एक डाव खेळला. ब्राझीलमधल्या कुणा पोरानं त्याला अकरा सेकंदांत झोपवलं आणि ते पोर निघून गेलं. कृष्णनाथ सवयीनं उजवीकडे वळला. तिथं सोफ्याची उशी होती. हरल्यावर ज्याच्याकडे बघून 'हो डाव धरूचो नाय' म्हणायचं तो माणूसच शेजारी नसेल, तर हरण्यात काय राम आहे, असं त्याला वाटलं आणि त्यानं तो डबा पुन्हा हातात घेतला नाही.

जुनं पार्लर बंद झालं तेव्हा मशीन मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या एका गेस्ट हाऊसवाल्यानं नेलं होतं. कृष्णनाथ तिथं गेला. मशीनवर ओले टॉवेल वाळत होते. मालक म्हणाला, "पयशे नको माका. गोऱ्यांका जुन्यो वस्तू आवडतत. तुमच्याकडे वोल्तेर-बिल्तेर काय आसा?" यावर शहाण्या माणसानं नाही म्हणायचं असतं. कृष्णनाथनं आसा म्हटलं.

मशीन पिकअपमधून दारात उतरलं तेव्हा समोरचे जयरामबाब हजर होते. जयरामबाब निवृत्त सर्व्हेअर. जगातली कुठलीही वस्तू कुठल्याही दारातून आत कशी न्यावी याबद्दल त्यांची मतं तयार असत. "कृष्णनाथबाब, दार काडल्याबगर ह्यां भितर जावचा नाय," असं त्यांनी सांगितलं. दार काढलं. मशीन साल म्हणजे पुढच्या दिवाणखान्यात आलं. मग कळलं की आतल्या दरवाजाची चौकट दोन बोटं कमी आहे, आणि जयरामबाबांनी सल्ला दिला की भिंत काढावी. कमलाक्षीनं सेजलला सांगितलं, "तुझ्या बापायक सांग, भित माझ्या सासऱ्यान घातलली आसा, ती तरी रवांदे." मशीन सालातच राहिलं. नेमक्या त्या भिंतीला, जिथं दरवर्षी गणपती बसतो.

दुरुस्तीला सतीश आला. मूळचा गडहिंग्लजचा, इकडे टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यानं मागची फळी काढली तर आतून लाल माती सांडली, डिचोलीच्या ट्रकांनी उडवलेली त्र्याण्णव सालची अस्सल खाणमाती, पाटीभर. "पात्रांव, ह्यात अर्धी खान हाय की," सतीश म्हणाला; मालकाला पात्रांव म्हणायला तो इकडे शिकला होता. कृष्णनाथनं ती माती फेकू दिली नाही, कागदात बांधून ठेवली. कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी मशीन सुरू झालं. पण आवाजाचं बटण कायमचं शेवटच्या टोकाला अडकलं होतं. "आवाज कमी करायचा तर स्पीकरच तोडाय लागंल," सतीश म्हणाला. "आन् रुपया न टाकता चालू व्हायाचं बी करून देतो, पायजे तर." कृष्णनाथनं दोन्ही गोष्टींना नकार दिला. रुपया टाकल्याशिवाय सुरू झालं तर तो टायफून कसला. त्यानं एक डाव खेळून पाहिला. पोदेर पोट पुढे काढून गरजला आणि गल्लीतली दोन कुत्री पळाली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी शाळेच्या पत्त्यावर मामलेदार कार्यालयाची एक नोटीस आली. सदर इसमानं राहत्या घरी इलेक्ट्रॉनिक जुगाराचं यंत्र बसवून कसिनो चालवल्याचा अर्ज आला आहे, खुलासा करावा. शाळेच्या पत्त्यावर आल्यामुळे ती आधी मुख्याध्यापकांनी वाचली, मग सगळ्या स्टाफनं, आणि सर्वांत शेवटी कृष्णनाथनं. बावीस वर्षं ज्यानं आवक-जावक रजिस्टरला एक खाडाखोड होऊ दिली नाही, त्याला गणिताचे सर "रात्रीचं उघडं असतं का हो?" असं विचारू लागले.

तो कार्यालयात गेला. टेबलापलीकडे त्याच्यासारखाच एक हेडक्लार्क बसला होता, हीच काय ती क्लेशदायक गोष्ट. कोणत्या वेळी चेहरा कसा करायचा हे कृष्णनाथला ठाऊक होतं आणि समोरचा तो बरोबर तसाच करत होता.

"पाण्यातला की जमिनीवरचा?" त्यानं विचारलं.

"काय?"

"कसिनो."

"कसिनो नाही. खेळायचं मशीन आहे."

"खेळल्यावर जिंकतो त्याला काय मिळतं?"

"काही नाही."

"हरतो त्याचं काय जातं?"

"काहीच नाही. रुपया जातो, पण तो जिंकणाऱ्याचाही जातो."

हेडक्लार्कनं पेन खाली ठेवलं. फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता. "मग माणसं तीस वर्षं ते खेळतात कशाला?" त्यानं विचारलं, आणि या वेळी चेहरा सरकारी नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

 कृष्णनाथनं 'करमणुकीसाठी' असं लिहून दिलं आणि सही केली. पण ते उत्तर चुकीचं आहे हे त्याला लिहितानाच कळलं होतं. घरी येईपर्यंत तो त्याचाच विचार करत होता. पार्लरमधल्या त्या दुपारी दोघांना करमणूक हवी होती असं नव्हतं. दत्तारामच्या पुढे कुठलं वळण आहे, आपल्या पुढे कुठलं, काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्या चार तासांत ते ठाऊक असण्याची गरज नव्हती. पण हे फॉर्मवर कसं लिहिणार, आणि लिहिलं असतं तर सोबत कुठला पुरावा जोडणार?

चवथ आली. मशीन हलत नाही म्हणून मखर त्याच्या शेजारी मांडलं गेलं. वर माटोळी बांधली. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर चौकटीला रानफळं, शहाळी, सुपारीचे घोस बांधतात ती माटोळी, आणि तिचं एक टोक नाइलाजानं मशीनवरच आलं. कमलाक्षीनं कपाळाला आठी घालून आपली जुनी जरीची साडी काढली आणि मशीन पायापासून डोक्यापर्यंत झाकून टाकलं. पण आदल्या दिवशी कृष्णनाथनं ते चालू करून ठेवलं होतं, आणि साडीच्या दोन निऱ्यांमधून नाणं टाकायची ती पितळी फट बरोबर दिसत राहिली.

गणपतीशेजारी जरीनं झाकलेली पेटी, आणि तिला फट. दर्शनाला आलेल्या माणसानं दुसरं काय समजावं? पहिला रुपया जयरामबाबांच्या पत्नीनं, पद्मावतीबाईंनी टाकला. त्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि आरतीला नुकती सुरुवात झालेली असताना साडीच्या आतून जपानी भाषेत एक भयंकर आरोळी आली, घंटा झाली आणि निऱ्यांमधून निळा-तांबडा उजेड नाचू लागला. क्षणभर टाळ थांबले. मग जयरामबाब सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देखावो आसा. माझीच कल्पना." आणि टाळ दुप्पट जोरानं सुरू झाले.

त्यानंतर थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत शेजारच्या वाड्यांवरची माणसं रुपये घेऊन आली. रुपया टाकला की देव हुंकार देतो, अशी बातमी होती. प्रत्येक जण कृष्णनाथची पाठ थोपटत होता आणि तो हसत होता. ज्या मशीनसाठी त्यानं सासऱ्याची खुर्ची, बायकोचं बोलणं आणि शाळेतली अब्रू घालवली, त्याच्यापुढे सबंध दिवसात एकही माणूस दांडी धरून उभा राहिला नव्हता. कमलाक्षी मात्र तोंडाला पदर लावून दोनदा आत गेली. हसायलाच गेली असावी, पण त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्ताराम आला. केस विरळ झाले होते, अंगात जाड जाकीट, हातात चॉकलेटांची पिशवी. त्यानं गणपतीला हात जोडले आणि म्हणाला, "दा मिन्टांच बसतंय मरे. फुडे आणखी चार घरां आसत."

 कृष्णनाथनं साडी बाजूला केली.

दत्ताराम बघत राहिला. मग पुढे झाला आणि बटणांवरून हात फिरवला. "हो थंयचोच?"

"थंयचोच."

"पोदेर आसा भितर?"

"आसा मगे. वाट बघता."

दत्तारामनं खिशातून रुपया शोधून काढला, फटीला लावला, आणि लाइट गेली. पंखा थांबला, मखराच्या माळा विझल्या, समोर जयरामबाबांच्या गच्चीवर वाजणाऱ्या भजनाच्या कर्ण्याचा गळा मध्येच दाबला गेला. ट्रान्सफॉर्मर गेला असं कुणीतरी रस्त्यावरून ओरडत गेलं. कृष्णनाथ पडद्याकडे बघत उभा राहिला. एवढं सगळं करून नेमक्या या दहा मिनिटांत लाइट जावी, याचा अर्ज कुठल्या कार्यालयात करायचा?

"येतली," दत्ताराम म्हणाला, आणि उभ्या उभ्या घड्याळ बघितलं. कमलाक्षीनं नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी आणली. कृष्णनाथनं शेजारी दुसरी खुर्ची ओढली, आणि बशी हातात आली म्हणून दत्ताराम प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकला. एक नेवरी खाल्ली. दुसरी खाल्ली.

"थंय आमच्या खोलयेत पोरां आठवो खेळतत," तो म्हणाला. "एक पोलंडचो आसा. माका हरवूक बघता. मी पोदेर घेतंय. तोव आता त्याका पोदेरच म्हणता. नाव काय दुसराच आसा खरा."

"कंडक्टर कोण घेता?"

"कोण नाय. कोणाक घेवक दिणंय नाय मी."

बाहेर कुणाच्या तरी घरी आरती चालली होती. दत्ताराम गोदामाबद्दल सांगू लागला. आठ तास थंडीत उभं राहायचं, कानाला यंत्र, यंत्र सांगेल तो खोका उचलायचा. मनगटाची दोन ऑपरेशनं झाली. ही गोष्ट त्यानं तीन खेपांत कधी सांगितली नव्हती. मनगट कृष्णनाथला दाखवलं आणि हसला. "पोदेराक आता नीट मारूक जमाचा नाय. तू जिकतलंस."

"मागीर तू दा मिन्टांत कित्याक उठतंस?" कृष्णनाथच्या तोंडून गेलं. तीस वर्षांत त्यानं असा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मानेचा पट्टा अचानक फार गरम वाटू लागला.

दत्तारामनं बशी मांडीवर ठेवली. 

"बाकीच्यांकडे बसाक काय वाटना नाय. पौंड किती, घर किती, विचारतत, सांगतंय, उठतंय. तुझ्याकडे बसाक माका भय दिसता," तो म्हणाला. "हय बसलंय तर उठाक जमाचा नाय. आणि उठूचा तर लागता. विमान कोण थांबयता?"

 कृष्णनाथनं त्याच्या मांडीवरची बशी उचलून पुन्हा त्याच्यापुढे धरली.

मग जुन्या गोष्टी निघाल्या. पार्लरवाला, टायरचा वास, सहाची गाडी चुकली तेव्हा दोघं साखळीपर्यंत चालत गेले ती संध्याकाळ. चालत कशाला गेलो आणि इब्रामपूरच्या उलट दिशेला कशाला गेलो, यावर वाद झाला आणि तो मिटला नाही. घड्याळ कुणी बघितलं नाही. मशीनचा काळा पडदा तसाच होता आणि त्यात दोघांच्या खुर्च्या दिसत होत्या.

आणि समोरच्या गच्चीवरचा कर्णा मोठ्यानं सुरू झाला. अर्धवट राहिलेलं भजन जिथं तुटलं होतं तिथून पुढे गेलं. शेजारी मिक्सर फिरला. सगळ्या गल्लीत लाइट आली होती. कृष्णनाथनं वर बघितलं. त्याचा पंखा तसाच थांबलेला. मखराच्या माळाही विझलेल्याच. त्याची नजर आतल्या दाराकडे गेली. मीटरखाली कमलाक्षी उभी होती, एक हात मेन स्विचवर. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली, अगदी हळू, नुसत्या ओठांनी. "बसा."

कृष्णनाथनं मान खाली घातली. कर्णा एवढ्या जोरात चालला होता की बहिऱ्यालाही कळावं. आता दत्ताराम उठेल, घड्याळ बघेल, पुढची चार घरं आठवतील. त्यानं हळूच मित्राकडे बघितलं.

दत्ताराम कर्णा ऐकत होता. त्यानं थांबलेल्या पंख्याकडे बघितलं, काळ्या पडद्याकडे बघितलं, आणि जाकीट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं.

"लायट येयपर्यंत बसतंय," तो म्हणाला. "घाय नाय."